कनकाची राऊबाई

एग्मोरच्या रेल्वे कचेरीत दुपारच्या सुट्टीत ऋचा येऊन उभी राहिली, तेव्हा कनका डबा उघडा टाकून डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती. दहीभाताचा पहिला घास घ्यायचा, तर त्यासाठी हात उचलावा लागणार होता, आणि तेवढ्यासाठी ती जरा थांबली होती.

"कनकाताई, बरं नाही का?"

"बरं आहे गं. बस." कनकाने शेजारच्या खुर्चीवरची फाईल उचलली. "पेरुंगुडीहून इतक्या लांब आलीस? ऑफिस नाही?"

"सुट्टी टाकलीय. तुमच्याशी बोलायचं होतं. यंदा आपण राऊबाई करतोय."

कनकाने डब्याचं झाकण लावून टाकलं.

चेन्नईतल्या महाराष्ट्रीय लोकांच्या मंडळात त्या नाटकाचं नाव कोणी घेत नसे. सगळे नुसतं 'राऊबाई' म्हणत. नाटक जुनं, पाऊणशे वर्षांपूर्वीचं. त्यातली राऊबाई पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत रंगमंचावरून हलत नाही. पहिल्या अंकात ती सोळा वर्षांची नवी नवरी, किल्लेदाराची बायको होऊन गडावर येते. दुसऱ्या अंकात नवरा मोहिमेवर पडलेला आणि शत्रू गडाखाली आलेला. राऊबाई स्वतः गडाचा दरवाजा लावून घेते, आणि तिचा पोरगा बाहेर राहतो. तिसऱ्या अंकात ती म्हातारी, दृष्टी गेलेली. नवा किल्लेदार चाव्या मागून जातो आणि ती चाव्या मांडीवर घेऊन एकटी बोलत राहते. ते भाषण संपता संपत नाही. भल्याभल्या नट्यांनी त्या भूमिकेपुढे हात टेकले, असं मंडळातले जुने लोक सांगत. तरुण बाईला तिसरा अंक झेपत नाही, आणि वय झालेल्या बाईला पहिला शोभत नाही.

कनकाने ती भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

खरं तर ती मंडळाची बाई नव्हतीच. ती तंजावरकडची. तिचे पूर्वज मराठी राजांबरोबर खाली आले आणि तिथेच राहिले. घरात मराठी बोलत, पण ती मराठी ऐकताना पुण्या-मुंबईच्या माणसाला हसू येई. शब्द पणजीच्या काळचे आणि हेल तमिळचे. कनका लग्न होऊन पेरंबूरला आली, स्वतः परीक्षा देऊन रेल्वेत चिकटली, आणि कचेरीतल्या एका नागपूरच्या बाईबरोबर एकदा मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली. तिथे दिनानाथ सरांनी तिला गाताना ऐकलं.

दिनानाथ चेन्नईजवळच्या आवडी या गावी रणगाडा कारखान्यात अधिकारी होते आणि मंडळाची नाटकं बसवत. त्यांना राऊबाई करायची होती आणि राऊबाई मिळत नव्हती. कोणाचा नवरा नको म्हणे, कोणाची बदली होई. केंद्र सरकारच्या नोकरीतली माणसं. दोन अंक पाठ होईतो हातात बदलीचा कागद. दिनानाथ कनकाला म्हणाले, "तुमची तरी बदली होणार नाही ना?"

"मी कोठे जाऊं?" कनका म्हणाली.

"जाऊं नाही. जाऊ. आणि कोठे नाही, कुठे."

तिथून तिचं शिक्षण सुरू झालं. दिनानाथ समोर बसत आणि शब्द चुकला की बोटाने टेबल वाजवत. पहिले काही आठवडे तर टेबल सारखं वाजतच होतं. 'नाहीं' मधलं नाक काढायचं. वाक्याच्या शेवटी वर चढणारा सूर खाली आणायचा. घरी तिचा नवरा कृष्णस्वामी संहिता हातात धरून बाकीच्या सगळ्या पात्रांची वाक्यं म्हणे. जासूद तोच, सासू तोच, शत्रूचा वकील तोच. एन्नोरच्या कारखान्यातून दमून आलेला माणूस, पण बनियनवर उभा राहून "बाईसाहेब, घात झाला!" असं इतक्या जोरात ओरडे की खालच्या घरातले लोक वर बघायला येत.

प्रयोग चांगला झाला. निदान पहिला अंक. नवी नवरी बघून बायका खूश झाल्या. तिसऱ्या अंकात केसांना पावडर फासून ती काठी टेकत उभी राहिली, एकही शब्द न चुकता सगळं भाषण म्हणाली, आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने जांभई दिली. कनकाला ती दिसली. दिनानाथ नंतर म्हणाले, "उच्चार स्वच्छ होते." त्यावर आणखी काही म्हणाले नाहीत.

पुढे मुलगी झाली, श्रीनिधी. नोकरी, शाळा, सासू-सासऱ्यांचं दुखणं. मंडळातली माणसं येत गेली आणि बदलून जात गेली. राऊबाई पुन्हा निघाली ती दोन हजार पंधरा साली. कनका तेव्हा सत्तेचाळीसची होती, आणि सगळे म्हणाले, हेच वय. नव्या नवरीला थोडं सांभाळून घेता येईल आणि म्हातारीला फार पावडर लागणार नाही. दिनानाथ निवृत्त होऊन सांगलीला गेले होते, ते मुद्दाम येऊन राहिले. चार महिने तालमी झाल्या. कनकालाही वाटलं की या खेपेला काहीतरी हाताला लागतंय. दरवाजा लावायच्या प्रसंगात एकदा तिच्या पायांत असे गोळे आले की तिला खाली बसावं लागलं, आणि दिनानाथांनी टेबल वाजवलं नाही.

डिसेंबरात प्रयोग होता. डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली गेली. थिएटरच्या तळमजल्यात छातीइतकं पाणी. पडदे, दिवे, गडाचा लाकडी दरवाजा, सगळं सडलं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना नाटकाचं काय सुचणार? मार्चमध्ये करू म्हणाले. मार्चपर्यंत जासुदाची बदली भोपाळला झाली, नाटकातली सासू मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली, आणि दिनानाथ सांगलीला परतले. कनका चार महिने ज्या बाईला अंगात घेऊन फिरली, ती बाई तिथेच राहिली. कनकाने कोणाला बोलून दाखवलं नाही. काय बोलायचं? लोकांची घरं वाहून गेली होती.

आणि आता ही ऋचा. पुण्याची, महाविद्यालयीन स्पर्धा गाजवलेली, दिवसभर सॉफ्टवेअर कंपनीत आणि शनिवार-रविवार मंडळात.

"तुम्हाला फक्त तिसरा अंक," ऋचा घाईघाईने म्हणाली. "मी भूमिका तिघींत वाटतेय. पहिला अंक मी स्वतः. दुसरा विद्युलता, त्या नव्या आल्यात ना बँकेत, त्या करतील. तुम्ही नुसतं शेवटी यायचं. बसूनच आहे."

"ऋचा, घरी हे अंथरुणावर आहेत."

"मला माहितीय, ताई."

कृष्णस्वामीला चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा अगदीच गेली नव्हती. दोन-तीन शब्द उरले होते, आणि तेच तो सगळ्यासाठी वापरी. सकाळी चारला उठून त्याची अंघोळ, त्याची इडली, गोळ्या. मग श्रीदेवी नावाची बाई दिवसभर सांभाळायला येई. ती आली की कनका निघे. संध्याकाळी कनका परतली की श्रीदेवी जाई. मधल्या वेळेत नोकरी, तीच काय ती विश्रांती.

कनका नाही म्हणणार होती. पण नाही म्हणायचं तर कारणं द्यावी लागतात, समोरच्याचा चेहरा पडलेला बघावा लागतो. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. ती म्हणाली, "बसूनच आहे ना?"

"बसूनच."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. ती त्याच्याशी त्यांच्या घरच्या मराठीत बोले. "अहो, परत राऊबाई. शेवटला अंक मात्र. करूं कां नको?"

कृष्णस्वामीने डावा हात उचलला. तोंड वाकडं करून, घशातून ओढून काढावा तसा तो बोलला, "बाई... साहेब. घात... झाला."

चार वर्षांत त्याच्या तोंडून एवढे शब्द एका ओळीत आले नव्हते. कनका जागच्या जागी उभी राहिली. मग त्याच्या तोंडावरची लाळ पुसता पुसता तिला हसू आलं आणि रडूही आलं. ती म्हणाली, "घातच आहे हो. करिते, करिते."

श्रीनिधीला हे फोनवर कळलं तेव्हा ती तमिळमध्ये भडकली. ती पेरुंगुडीलाच राहायची, ऋचाच्या कंपनीपासून दोन इमारती पलीकडे. "अम्मा, पोदुम! पुरे झालं. तुझं बीपी किती आहे? इकडे या दोघं राहायला, म्हणून मी किती सांगतेय." लिफ्ट, गेट, औषधाचं दुकान खालीच, सगळं तिने पुन्हा सांगितलं. कनका ऐकत राहिली. मुलीचं खरंच होतं. पण घर उचलून दुसरीकडे न्यायचं म्हणजे भांडी बांधायची, आणि तो विचार आला की तिचे खांदे गळून जात.

तालमी सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांत विद्युलताबाईंची बदली झाली. ऋचाने दुसरा अंकही स्वतः करायचं ठरवलं. मग प्रयोगाला महिना उरला असताना ऋचाचा गुडघा स्कूटरवरून पडून फुटला. ती काठी घेऊन हॉलमध्ये आली, एका खुर्चीवर बसली आणि कोणाकडेच बघेना. मंडळाचे सचिव तन्मय म्हणाले, "रद्द करू." कोणीतरी कनकाकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनीच बघितलं.

"तिन्ही अंक मला येतात," कनका म्हणाली. ते तिने अभिमानाने सांगितलं नव्हतं. येत होते, म्हणून सांगितलं.

त्या महिन्यात कनका कशी जगली ते तिचं तिलाच ठाऊक. कचेरीत टेबलावर डोकं टेकलं की शिपाई हळूच पंखा तिच्याकडे वळवी. बसमध्ये तिचा स्टॉप निघून जाई. एकदा कृष्णस्वामीला भरवता भरवता ती चमचा हवेत धरून झोपली, आणि तो बिचारा तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिला. तालमीत ऋचा खुर्चीवरून सूचना देई, आणि टेबल वाजवणारं कोणी नसलं तरी कनकाला ते टेबल ऐकू येई. 'नाहीं' नाही, 'नाही'. कोठे नाही, कुठे.

प्रयोगाच्या दिवशी श्रीनिधी वडिलांना चाकाच्या खुर्चीत घालून घेऊन आली आणि कडेच्या रांगेत बसली. तोंड फुगलेलंच होतं. ती आली ते वडिलांनी डाव्या हाताने तिचा पदर धरून ओढला म्हणून.

पडदा उघडला. हिरवा शालू नेसलेली छप्पन्न वर्षांची नवी नवरी डोलीतून उतरली आणि मागच्या रांगांत खसखस पिकली. कनकाला ती स्पष्ट ऐकू आली. एका पोराने "आजी!" म्हटलं आणि त्याच्या आईने त्याला दाबलं. कनकाने मान खाली घालून पुढची वाक्यं म्हटली. सोळा वर्षांची पोर कशी बोलते हे तिला आठवत होतं, पण अंग ऐकत नव्हतं. अंक संपला तेव्हा टाळ्या पडल्या त्या बिचारीचे कष्ट बघून पडल्यासारख्या होत्या.

विंगेत ऋचा पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "छान चाललंय, ताई."

"खोटं सांगू नको गं," कनका म्हणाली आणि पाणी प्यायली.

दुसरा अंक बरा गेला. दरवाजा प्लायवूडचाच, पण नवा आणि जड केला होता. बाहेरून मुलाची हाक आली, "आईसाहेब, मी आलोय!" आणि कनकाने पाठ लावून दरवाजा ढकलला. बिजागरी अडकली. तिला खरोखरच जोर लावावा लागला. दम लागला, डोळ्यांपुढे काळोखी आली, कसाबसा अडसर घातला. हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं.

आणि मग तिसरा अंक. ती चौथऱ्यावर बसली. तोंडावर एकच दिवा. नव्या किल्लेदाराने पाया पडून चाव्या मागितल्या आणि तो गेला. आता ती एकटी. सुरुवातीची वाक्यं तिने शिकल्यासारखी म्हटली. "या चाव्यांनी मी हजार वेळा दरवाजा उघडला. लोकांना तो आठवत नाही. मी एकदा लावला, तेवढाच आठवतो."

मग कुठेतरी तिची पकड सुटली. शब्द आठवेनात असं नव्हतं. शब्द येत होते. पण त्यांना पुण्याचे कपडे घालून बाहेर पाठवायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. पहाटे चारपासून ती उभी होती. खरं तर चार वर्षांपासून.

"मला कोण्ही विचारलें नाहीं," ती म्हणाली. "दार लावूं कां नको, कोण्ही विचारलें नाहीं. पोर बाहेर होता. हांक मारीत होता. मी आई होतें. पण दारापाशी दुसरें कोण्ही नव्हतें कीं."

सूर वर चढला, तमिळ बाईचा चढतो तसा. तिचं तिला ऐकू आलं. दिनानाथांचं टेबल वाजलं डोक्यात. ती पुढच्या वाक्याला सावरायला गेली आणि सावरता आलं नाही, आणि मग तिने सोडून दिलं. आजीशी बोलायची तशी, न्हाणीघरात नवऱ्याच्या पाठीवर पाणी घालताना बोलते तशी, राऊबाई बोलत राहिली. नाटककाराचीच वाक्यं, क्रम तोच, पण अंगरखा दुसरा. खुर्च्या करकरल्या. कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "काय बोलतायत?" मग तेही थांबलं. शेवटी तिने चाव्या मांडीवरून खाली ठेवल्या. तिथे तेवढ्यापुरतं उभं राहून दोन्ही हात वर करायचे होते. ती उठलीच नाही. "पोदुम," असं तिच्या तोंडून हळूच निघालं. ते नाटकात नव्हतं. दिवा गेला.

टाळ्या आल्या, पण सगळीकडून नाही. काही माणसं उभी राहिली, काही मोबाईल चाचपत बाहेर गेली.

तन्मय आत आले ते कपाळाला हात लावूनच. "कनकाताई, आपण ही चित्रफीत स्पर्धेला पाठवणार होतो. शेवटचा सगळा भाग... परीक्षक काय म्हणतील?"

"नका पाठवू," कनका म्हणाली. ती मेकअपच्या खुर्चीत बसली होती आणि तिला पायातले जोडे काढायचे होते.

ऋचा काठी टेकत जवळ आली. तिचे डोळे लाल होते. राग होता की आणखी काही, कनकाला कळलं नाही. "ताई, तुम्ही ते मुद्दाम केलंत?"

"नाही गं. दमले मी."

ऋचा तिच्या पायाशी बसली, दुखरा गुडघा लांब करून, आणि तिचे जोडे काढू लागली.

बाहेर श्रीनिधी वडिलांच्या खुर्चीशी उभी होती. तिला शुद्ध मराठी नाटक कधी धड कळलं नव्हतं. आईबरोबर जायचं म्हणून ती लहानपणी जायची आणि चॉकलेट खायची. आज ती आईकडे जरा चमकूनच बघत होती. तमिळमध्ये म्हणाली, "शेवटचं सगळं कळलं मला." आणि नंतर, फार दिवसांनी, घरच्या मराठीत अडखळत, "तूं मला सांगिटली नाहीस कधीं. इतकी दमलीस म्हणून."

"दिसत नव्हतें?" कनकाने विचारलं.

मुलीने टॅक्सी बोलावली.

आठवड्याभराने सांगलीहून दिनानाथांचा फोन आला. वय झालं होतं, आवाज खोल गेला होता. कोणीतरी त्यांना चित्रफीत पाठवली होती.

"पाहिली मी," ते म्हणाले. "उच्चार सगळे गेले."

"हो, सर."

कनकाला वाटलं फोन कटला.

"पुन्हा कधी आहे?" दिनानाथांनी विचारलं.

पुन्हा नव्हतं, निदान कनकाकडून. बेंगळुरूच्या मंडळाने राऊबाई बोलावली तेव्हा तिने पहिल्यांदाच सरळ नाही सांगितलं, आणि ऋचाचा चेहरा पडला तो बघूनही घेतला. "गुडघा बरा झाला की तूं कर," ती म्हणाली. "तुझं वय आहे. मी सांगेन काय सांगायचं ते."

श्रीनिधीकडे राहायला जायचंही तिने कबूल केलं. भांडी श्रीनिधी आणि श्रीदेवी बांधणार होत्या, कनकाने हात लावायचा नाही या अटीवर.

रविवारी दुपारी ऋचा पेरंबूरला आली. घरात निम्मी खोकी बांधून झाली होती. जेवणं झाली, फिल्टर कॉफी झाली. कृष्णस्वामी खिडकीपाशी पडला होता, कनका त्याच्या उशाशी वेताच्या खुर्चीत. ऋचा समोर जमिनीवर बसून तिसरा अंक म्हणू लागली. नवं होतं तिला. मध्येच अडे, मग कनका पुढचा शब्द देई. दरवाजा लावल्याचं आलं तेव्हा ऋचा थांबली. "इथं काय वाटलं तुम्हाला, ताई? त्या दिवशी?"

"बिजागरी अडकली होती," कनका म्हणाली. "ढकलायला फार लागलं."

ऋचाने मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला ती बरंच पुढे गेली. एका ठिकाणी अडली आणि शब्दासाठी थांबली, पण शब्द आला नाही. तिने वर बघितलं. कनकाची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. ऋचा हाक मारणार, तेवढ्यात कृष्णस्वामीने डावा हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं.

ऋचाला तो शब्द आपोआप आठवला, आणि तिने उरलेलं भाषण अगदी हळू, स्वतःशी म्हणावं तसं, शेवटपर्यंत म्हणून टाकलं.